सहा वर्षं, रोज पहाटे पाच वाजता: थायरॉइडच्या गोळीच्या डबीचा रिव्ह्यू

लोक मोबाईलचा रिव्ह्यू टाकतात, मिक्सरचा टाकतात, आमच्या नाशकात तर मिसळीचे इतके रिव्ह्यू आहेत की वाचूनच ॲसिडिटी व्हावी. पण जी वस्तू मी गेली सहा वर्षं रोज वापरतोय, जिच्याशिवाय माझं मशीनच चालत नाही, तिच्याबद्दल कोणी काही लिहित नाही म्हणून म्हटलं आपणच लिहू. वस्तू म्हणजे थायरॉइडच्या गोळ्यांची डबी. आत औषध लेव्होथायरॉक्सिन. थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन, थायरॉक्स अशी बरीच नावं आहेत बाजारात, सगळ्यांच्या पोटात सॉल्ट तेच. मी कुठली घेतो ते सांगत नाही, उगाच कंपनीची जाहिरात नको आणि बदनामी पण नको. रेटिंग चार स्टार. एक कुठे कापला ते खाली येईल.

आधी माझ्याबद्दल थोडं, कारण त्याशिवाय हा रिव्ह्यू कळणार नाही. मी सातपूर एमआयडीसीत क्वालिटीला आहे. दिवसभर मायक्रोमीटर, बोअर गेज आणि रिजेक्शनची भांडणं. शिफ्ट तीन, दर आठवड्याला बदलतात, फर्स्ट सात ते साडेतीन, सेकंड साडेतीन ते बारा, आणि थर्ड बारा ते सात. हे शिफ्टचं लक्षात ठेवा, सगळी गोम तिथेच आहे.

२०१८ च्या हिवाळ्यात सुरू झालं. नाशिकची थंडी आम्हाला काय नवीन नाही पण त्या वर्षी मी घरात स्वेटर, त्यावर जर्किन आणि कानटोपी घालून बसायचो आणि पोरं बनियनवर फिरायची. आई म्हणायची अरे तुला लहानपणी एवढी थंडी वाजत नव्हती. मग आवाज बसला. सर्दी नाही खोकला नाही, पण फोनवर समोरचा विचारायचा, झोपला होतात का, नंतर करू का. टाचांना भेगा, पोट तीन तीन दिवस साफ नाही, सकाळी उठलं की तोंड असं सुजलेलं की कंपनीतलं चेहरा बघून हजेरी लावणारं मशीन मला ओळखेना. आता ते मशीन सगळ्यांनाच त्रास देतं, पण माझ्यावेळी लाईन थांबायची आणि मागून पोरं म्हणायची भाऊ रात्री किती झाली. दारूचा थेंब नाही घेत मी, माळ आहे गळ्यात. पण सांगणार कोणाला.

सगळ्यात वाईट म्हणजे डोकं. साधं ड्रॉइंग वाचायला दोनदा बघावं लागायचं. टॉलरन्स प्लस मायनस किती होता ते पार्ट हातात घेईपर्यंत विसरायचो. आणि उजव्या हाताच्या तीन बोटांना मुंग्या, रात्री तर झोपेतून उठून हात झटकायचो. मायक्रोमीटरचा रॅचेट फिरवताना जो फील लागतो ना बोटांना, तो गेला. क्वालिटीवाल्याचा तो फील गेला म्हणजे आचाऱ्याची चव गेली.

कंपनीच्या वार्षिक मेडिकलमध्ये कोलेस्टेरॉल २८६ आलं. झालं, एका डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी लावली, तेल बंद, तूप बंद, चालायला जा. चालायला गेलो तर पंधरा दिवसांत मांड्या अशा दुखायला लागल्या की जिना उतरताना कठडा धरायचो. मला वाटलं चालून दुखतंय, डॉक्टर म्हणाले वय झालं. एकेचाळीसाव्या वर्षी! नंतर कळलं ते सांगतो, थायरॉइड कमी असेल तर त्यानेच कोलेस्टेरॉल चढतं, आणि त्या अवस्थेत कोलेस्टेरॉलची गोळी दिली तर स्नायू दुखायची शक्यता जास्त असते, म्हणून ती गोळी सुरू करायच्या आधी थायरॉइड तपासावं असं पुस्तकातच आहे. मला कोणी तपासलं नाही, कारण काय तर मी पुरुष. थायरॉइड म्हणजे लेडीज लोकांचं असं सगळ्यांच्याच डोक्यात बसलंय, डॉक्टर लोकांच्याही थोडंफार.

सापडलं कुठे तर हाडांच्या डॉक्टरांकडे. हाताच्या मुंग्यांसाठी गेलो होतो, मनगटात नस दबली म्हणाले, छोटं ऑपरेशन करू. मी तयारच होतो. पण त्या भल्या माणसाने ऑपरेशनच्या आधी शुगर आणि थायरॉइड करून या म्हणून चिठ्ठी दिली. शुगर नॉर्मल. टीएसएच आलं ६८. नॉर्मल म्हणजे साधारण ०.४ ते ४, लॅबप्रमाणे थोडं इकडेतिकडे. लॅबच्या पोरीने रिपोर्ट देताना विचारलं, मॅडमचा आहे का. म्हटलं नाही बाई माझाच आहे.

ऑपरेशन नंतर लागलंच नाही. गोळी सुरू झाल्यावर चारपाच महिन्यांत मुंग्या आपोआप गेल्या.

आता हे टीएसएच काय प्रकरण आहे ते मला माझ्या भाषेत समजलं तेव्हाच डोक्यात उतरलं, म्हणून तसंच सांगतो. गळ्यात पुढच्या बाजूला फुलपाखरासारखी ग्रंथी असते, ती समजा ऑपरेटर. तिचं काम प्रॉडक्शन काढायचं, टी फोर आणि थोडं टी थ्री नावाची हार्मोन्स. मेंदूखाली पिट्युटरी बसलीय ती सुपरवायझर. टीएसएच म्हणजे सुपरवायझरची ओरड. ऑपरेटरने माल कमी काढला की सुपरवायझर ओरडतो, माल आणखी कमी, आणखी मोठ्याने ओरडतो. म्हणून टीएसएच जास्त म्हणजे थायरॉइड कमी. हे उलटं गणित लोकांना कळत नाही, आमच्या मावशीने तर माझा ६८ ऐकून सगळ्या नातेवाईकांना सांगितलं की ह्याचा थायरॉइड फार वाढलाय. आता गोळी म्हणजे काय, तर बाहेरून तयार माल आणून लाईनवर ठेवायचा. माल पुरेसा दिसला की सुपरवायझर गप्प. ऑपरेटर काय सुधारत नाही त्याने, पण ऑर्डर तर वेळेत जाते.

माझा ऑपरेटर का बसला, तर शरीराचीच सिक्युरिटी त्याला चोर समजून बडवत होती. ही मारहाण दाखवणारी अँटी टीपीओ नावाची टेस्ट केली ती सहाशेच्या वर, म्हणजे फारच जास्त. हाशिमोटो म्हणतात ह्याला, हाकारू हाशिमोटो नावाच्या जपानी डॉक्टरने १९१२ साली पहिल्यांदा लिहून ठेवलं, आणि गंमत म्हणजे त्याचे चारही पेशंट बायकाच होत्या. म्हणजे गैरसमज तिथूनच सुरू! खरंच बायकांना कितीतरी पटीने जास्त होतो हे मान्य, पण आमच्यासारखे पण असतात हो.

गोळीचा इतिहास पण वाचला मी, रिकामटेकडा होतो तेव्हा. १८९१ ला इंग्लंडमध्ये मरे नावाच्या डॉक्टरने मेंढीच्या थायरॉइडचा अर्क एका बाईला इंजेक्शनने दिला आणि ती बाई त्यानंतर अठ्ठावीस वर्षं जगली. मग १९१४ ला, तेही नाताळच्या दिवशी, अमेरिकेत केंडलने थायरॉक्सिन, म्हणजे तेच टी फोर, वेगळं काढलं, त्याला डुकरांच्या ग्रंथी टनावारी लागल्या. १९२७ ला ते प्रयोगशाळेत बनवता यायला लागलं. आता जी गोळी येते ती बनवलेली, मेंढी नाही डुक्कर नाही. माळकऱ्याला हे बरं वाटलं म्हणून मुद्दाम लिहिलं.

तर गोळी. वजन माझं तेव्हा ७४. पहिले दोन आठवडे पन्नास एमसीजी मग शंभर. एमसीजी म्हणजे मायक्रोग्रॅम, मिलिग्रॅमचा हजारावा भाग. आम्ही मायक्रॉनवाले त्यामुळे मला त्याचा आदर वाटला. महिन्याभरात डोळे उघडल्यासारखं झालं. आवाज आला, स्वेटर निघालं, तोंडाची सूज उतरली, कोलेस्टेरॉलची गोळी डॉक्टरांनी थांबवली आणि सहा महिन्यांनी कोलेस्टेरॉल २०४. मी म्हटलं जिंकलो.

पण टीएसएच काय खाली बसेना. दोन महिन्यांनी १२. डोस १२५ केला. पुन्हा दोन महिने, ९.४. मग १५०, तरी ७.८. मधे मधे बरं वाटायचं, मधे मधे पुन्हा अंगात शिसं ओतल्यासारखं. दर वेळी पावती फाडायची, रक्त द्यायचं, ते पहिलेच कोलेस्टेरॉलवाले डॉक्टर रिपोर्ट बघायचे, डोस वाढवायचे, पुढचा पेशंट. दोन मिनिटं पण नाही. मी गोळी कशी घेतो, कधी घेतो, हे वर्षभरात एकदाही विचारलं नाही, आणि मला तरी कुठे माहीत होतं की हे विचारायचं असतं. डबीवर लिहिलंय, डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्या. सल्ला काय तर सकाळी उपाशीपोटी. आता थर्ड शिफ्टवाल्याची सकाळ म्हणजे कुठली सांगा मला?

मी काय करायचो, फर्स्टला असलो की पाचला उठून गोळी, आणि मिसेसने चहा टाकलेलाच असायचा, दहा मिनिटांत चहा खारी. सेकंडला असलो की आठला उठून गोळी आणि पोहे. थर्डला असलो की सकाळी घरी येऊन गोळी, लगेच नाश्ता आणि झोप. पण कंपनीत साडेसहाचा चहा आणि वडापाव होऊनच घरी आलेलो असायचो, म्हणजे उपाशीपोटी कसलं. त्यात हाडांच्या डॉक्टरांनी कॅल्शियम दिलं होतं ते मी शिस्तीचा माणूस म्हणून गोळीसोबतच घ्यायचो, एकदाच पाणी, एकदाच काम.

आणि गोळ्यांचा एक पत्ता, म्हणजे स्ट्रिप, बाईकच्या डिक्कीत. ही डबीतली नाही, दुसऱ्या कंपनीची पत्त्यातली. नाशकातला एप्रिल, डिक्की बंद, बाईक उन्हात आठ तास. भट्टीच ती.

ह्या अवस्थेत मला ते चूर्ण भेटलं. नाव नाही लिहित. मोबाईलवर रोज यायची जाहिरात, थायरॉइड मुळासकट, गोळ्यांची गुलामी सोडा. महिन्याचे २४०० रुपये. दीडशे एमसीजी खाऊन पण बरं वाटत नाही म्हटल्यावर माणूस काय करणार, मी गोळी बंद केली आणि चूर्ण सुरू. पहिला महिना तर मस्तच गेला. इथेच लोक फसतात बघा. ह्या औषधाचा अर्धा माल शरीरातून जायला साधारण आठवडा लागतो, म्हणजे गोळी बंद केली तरी दोनतीन आठवडे गोदामातला माल चालतो आणि श्रेय चूर्णाला जातं. दुसऱ्या महिन्यात पुन्हा कानटोपी. लाईनवर एक आख्खी बॅच मी ओके मारली ती ग्राहकाकडून परत आली. तपासलं तर टीएसएच ७४, सुरुवातीपेक्षा वाईट. ४८०० रुपये गेले ते गेले, वर मेमो मिळाला. चूर्णाला झिरो स्टार, झिरो नसेल देता येत तर एक, तो पण डबा चांगला होता म्हणून, आता त्यात हळद ठेवतो.

मग घाबरून पुन्हा १५० सुरू केली, आणि ह्यावेळी मिसेसने सूत्रं हातात घेतली. योगायोगाने कंपनीत ऑर्डर कमी होत्या, तीन महिने मी जनरल शिफ्टलाच होतो. अहो आधी गोळी, मग आंघोळ, मग देवपूजा, मग चहा, असा तिचा नियम. कॅल्शियमचा कोर्स पण संपला होता. झालं काय, की जी गोळी इतके दिवस चहात आणि कॅल्शियममध्ये अर्धी वाया जात होती ती आता पूर्ण अंगात जायला लागली. हात थरथरायला लागले. रात्री छातीत ढोल. जिथे तिथे चिडचिड, पोरगा म्हणाला पप्पा थंड होते तेच बरे होते. टीएसएच ०.०३. म्हणजे सुपरवायझरची वाचाच बसली, इतका माल. आणि हे असंच राहिलं असतं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, हाडं ठिसूळ होऊ शकतात. म्हणजे जास्त झालं तरी वाईट, लोकांना वाटतं औषध जास्त म्हणजे चांगलं.

तेव्हा एका दोस्ताने कॉलेज रोडच्या बाजूच्या हार्मोनवाल्या मॅडमचं नाव सांगितलं. एंडोक्रायनोलॉजिस्ट, हा शब्द मला तीन आठवडे म्हणता येत नव्हता. नाव त्यांना न विचारता इथे टाकत नाही, पण रिव्ह्यू त्यांचाच जास्त आहे खरं तर. वेटिंग दीड तास, पहिली फी आठशे, बाहेर एसी इतका की माझ्यासारख्या पेशंटला छळच, आणि पार्किंग शून्य. त्या सगळ्याचे मार्क कापून सुद्धा पाच स्टार.

कारण त्यांनी फाइल बाजूला ठेवली आणि पहिला प्रश्न विचारला, गोळी घेतल्यावर पहिला घोट कशाचा घेता? मी म्हटलं पाण्याचा. त्यानंतर? चहाचा. किती वेळाने? आणि मग तिथून अर्धा तास. कुठली शिफ्ट, जेवण किती वाजता, कॅन्टीनचा चहा किती वाजता, कॅल्शियम, लोहाची गोळी, ॲसिडिटीची गोळी, सोयाबीन खाता का, गोळ्या ठेवता कुठे. डिक्की म्हटल्यावर त्यांनी पेनच खाली ठेवलं. आमच्याकडे कोणाचा पार्ट रिजेक्ट झाला की आम्ही आधी मशीनला शिव्या घालत नाही, सेटिंग बघतो, कूलंट बघतो, ऑपरेटर कोण होता बघतो. इथे वर्षभर माझ्या शरीराचा पार्ट रिजेक्ट होत होता आणि सगळे फक्त फीड, म्हणजे डोस, वाढवत होते.

मॅडम म्हणाल्या, औषध बदलायचं नाहीये, वेळ बसवायची आहे. वजन सत्तर, किलोला साधारण १.६ एमसीजी ह्या हिशोबाने ११२. आणि ११२ ची गोळी मिळते बरं का, मला वाटायचं पंचवीस पन्नास असेच मिळतात, ६२.५ आहे, ८८ आहे, ११२ आहे, १३७ आहे. केमिस्टकडे पटकन मिळत नाही, दोन दिवस आधी सांगून ठेवावं लागतं, आणि काही केमिस्ट शंभर आणि साडेबाराची जोडी करून देऊ का विचारतात. मी टी थ्रीची गोळी वेगळी लागेल का पण विचारलं, कुठेतरी वाचलं होतं. म्हणाल्या बहुतेकांना लागत नाही, शरीर टी फोरचंच टी थ्री करून घेतं, आधी हे नीट घ्या मग बघू.

आता वेळ. नियम काय तर आधी तीनचार तास पोटात काही नको आणि नंतर अर्धा ते एक तास पाण्याशिवाय काही नको, कॅल्शियम लोह असेल तर चार तास लांब. मॅडमनी सांगितलं की काही लोक रात्री झोपताना पण घेतात, जेवण होऊन तीन तास झाले असतील तर, २०१० साली हॉलंडमध्ये त्याचा अभ्यास झालाय आणि चांगलं चाललं. पण माझी रात्रच दर आठवड्याला सरकते. मग त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागे माझ्या तिन्ही शिफ्टच्या तीन आडव्या रेघा मारल्या, झोप, जेवण, चहा सगळं त्यावर टाकलं, अगदी आमच्या प्लॅनिंगवाल्यासारखं, आणि म्हणाल्या बघा तुम्हीच, तिन्ही रेघांवर रिकामं पोट कुठे एका खाली एक येतं.

पहाटे पाच.

फर्स्टला मी पाचला उठतोच. सेकंडला झोपेत असतो, अलार्म, गोळी, पाणी, परत आडवा. आणि थर्डला मी कंपनीत जागाच असतो, डबा रात्री एकच्या आत खाल्लेला असतो, पाचला चार तास होतात. फक्त अडचण एक, थर्डला चहाची किटली साडेचारला येते. तो चहा सोडायचा. तुम्ही कधी थर्ड शिफ्ट केली असेल तर तुम्हाला कळेल साडेचारचा चहा सोडणं म्हणजे काय आहे, त्यावेळी डोळ्यात वाळू असते, मशीनचा आवाज अंगाई वाटतो आणि त्या किटलीच्या मागे लोक अक्षरशः चालत जातात. पहिले पंधरा दिवस मी किटली आली की कॅलिब्रेशन रूममध्ये जाऊन बसायचो, वास नको म्हणून. मग किटलीवाल्या पोराने स्वतःहून माझा ग्लास वेगळा थर्मासमध्ये ठेवायला सुरुवात केली, सहा वाजता गुपचूप आणून देतो, काका तुमचा थायरॉइडचा चहा. पाच स्टार त्याला पण.

दोन महिन्यांनी टीएसएच २.६. पुन्हा दोन महिन्यांनी २.१. गोळी तीच, आधीपेक्षा ३८ एमसीजी कमी. सहा आठवड्यांच्या आत तपासायचं नाही हे पण मॅडमनीच शिकवलं, मधे केलं तर आकडा अजून बसलेला नसतो, माल स्थिर व्हायला वेळ लागतो. आता फक्त सहा महिन्यांनी करतो.

लॅबबद्दल दोन ओळी. मी घरी येऊन रक्त नेणारी लॅब वापरतो, पोरगा वेळेवर येतो, सुई कळत नाही, रिपोर्ट रात्री मोबाईलवर. चार स्टार. एक कापला कारण ते दर वेळी मला सत्तावीस टेस्टचं पॅकेज घ्या म्हणतात, अहो मला टीएसएच पाहिजे फक्त, कधीमधी टी फोर. आणि अँटी टीपीओ एकदा आली की आली, ती दर वर्षी मोजून काय करायचंय. आणखी एक, रक्त द्यायच्या दिवशी गोळी रक्त दिल्यावर घ्यायची, आणि दर वेळी साधारण त्याच वेळेला द्यायचं कारण टीएसएच दिवसभरात खालीवर होतं. आणि केसांसाठी बायोटिनची गोळी घेत असाल तर दोनतीन दिवस आधी बंद करा, तिने काही मशीनवरचे आकडे चुकतात. माझं एकदा असंच उगाच ०.२ आलं होतं, मी पुन्हा ढोल वाजायची वाट बघत बसलो. गेज चुकीचा तर पार्टला कशाला दोष, हे मी दुसऱ्याला शिकवतो आणि स्वतःच विसरलो.

खाण्यापिण्याचं फार विचारतात म्हणून. सासरवाडी निफाडकडची, त्यांच्याकडे फ्लॉवर लावतात, आणि मिसेसने कुठेतरी ऐकून दोन वर्षं घरात कोबी फ्लॉवर बंद केला होता, सासरेबुवांना ते वैयक्तिक लागलं होतं. मॅडम हसल्या. शिजवलेला, नेहमीच्या भाजीइतका खायला काही हरकत नाही म्हणाल्या. मीठ पण आम्ही सैंधव केलं होतं सगळं, ते पुन्हा साधं आयोडीनवालं केलं. आयोडीन ढीगभर घेऊन हाशिमोटो बरा होत नाही, पण घरात पोरं आहेत, त्यांचं का बंद करायचं, सरकारने २००६ पासून खायच्या मिठात आयोडीन सक्तीचं केलंय ते काय उगाच. धण्याचं पाणी मी अजून पितो. त्याने थायरॉइडला काही होत नाही, मला चव आवडते.

सगळं गोड गोड लिहिणार नाही. वजन फक्त साडेचार किलो उतरलं आणि ते पण बरंचसं पाणीच होतं, पोट आहे तिथेच आहे आणि त्याचा दोष आता थायरॉइडवर टाकता येत नाही ही मोठी गैरसोय झालीय. थर्ड शिफ्टच्या आठवड्यात अजून पण थकायला होतं, ते शिफ्टचं की थायरॉइडचं की सत्तेचाळिशीचं, कोण सांगणार. केस परत आले पण पूर्वीसारखे नाहीत.

आता डबीचा एक स्टार. किमतीला नाही कापला, किमतीवर सरकारचं नियंत्रण आहे, दीडदोनशे रुपयांत तीनचार महिने निघतात, आमच्या घरात ह्यापेक्षा स्वस्त फक्त कढीपत्ता येतो. जनऔषधीत त्याहून स्वस्त मिळते, फक्त एकदा एका कंपनीची सुरू केली की शक्यतो तीच ठेवा, बदललीच तर दीडदोन महिन्यांनी टीएसएच बघा. स्टार कापला तो डिझाईनचा. शंभरच्या वर गोळ्या एका डबीत सुट्ट्या, तोंड एवढं मोठं की पहाटे पाचला झोपेत एक काढायला गेलं की सहा बाहेर, गोळी एवढीशी, पांढरी, फरशी पांढरी. एकदा कॉटखाली गेलेली गोळी दिवाळीच्या साफसफाईत सापडली. आणि घेतली की नाही घेतली ते कळायची काही सोय नाही, पत्त्याला निदान भोक दिसतं. मी आता कालनिर्णयवर पेनाने टिक मारतो, त्या पानावर दूधवाला पण आहे आणि गॅस पण, आईला वाटतं दूध दोनदा घेतलं. दुसऱ्या छोट्या डबीत काढून ठेवू का विचारलं होतं, मॅडम म्हणाल्या मूळच्या डबीतच ठेवा, ऊन ओल लागली की ताकद कमी होते. तर डबीवाल्यांनो, जरा एक एक गोळी पडेल असं झाकण करा की, पेपरमिंटच्या डब्यांना असतं.

विसरलो तर काय, हे पण खूप जण विचारतात. आठवडाभर टिकणारा माल आहे, एका दिवसाने आभाळ कोसळत नाही, मला मॅडमनी आठवेल तेव्हा रिकाम्या पोटी घ्या असं सांगितलंय, तुम्ही तुमच्या डॉक्टरांना विचारा, हृदयाचा त्रास असेल किंवा बाई गरोदर असेल तर आधी विचारा. गरोदरपणात तर डोस वाढवावा लागतो बहुतेकींना आणि तो पण लवकर, त्यात सहा महिन्यांनी बघू असं चालत नाही.

मॅडमनी सख्ख्या भावाबहिणींचं पण बघून घ्या सांगितलं होतं, हे घराण्यात चालतं. धाकटी बहीण मालेगावला असते, तिने चार वर्षं टाळलं आणि गेल्या महिन्यात केलं, टीएसएच १८. काल फोन आला, दादा कुठल्या कंपनीची चांगली रे? मी म्हटलं कंपनीचं राहू दे, तू सकाळी चहा किती वाजता घेतेस ते सांग. म्हणाली उठल्या उठल्या, गॅसजवळ उभी राहूनच. रविवारी जातोय तिच्याकडे, कागद आणि पेन घेऊन.

माझ्या डबीत नऊ गोळ्या राहिल्यात. ११२ ची आहे, केमिस्टला आजच सांगून ठेवतो.